दाराकडची बाकं

सर, तुमच्या शोकसभेला नापास झालेलं कोणी आलं नव्हतं.

बाकी सगळे आले होते. बँकेत लागलेले, सी.ए.च्या हाताखाली राबणारे, हिंजवडीत कुठल्या कुठल्या कंपन्यांची पगारपत्रकं सांभाळणारे. हॉल गच्च भरला होता. तुमच्या फोटोला हार, पुढे उदबत्ती, आणि माइक नेहमीसारखा खरखरत होता. एकेक जण उठायचा, डोळे पुसायचा आणि तेच सांगायचा. सर पहिल्या दिवशी मला म्हणाले होते, तू नापास होणार. तो शब्द लागला आणि मी पेटलो, म्हणून आज इथे उभा आहे. मग टाळ्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत हे तुमच्या विद्यार्थ्यांना कोणी शिकवलेलं नाही. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, पण तुम्ही जिवंतपणीही दूध देत होतात, ते मी नाकारत नाही. लाथही मारत होतात, ते मात्र कोणी बोलेना.

तुमची पहिल्या दिवसाची पद्धत तुम्हालाच काय सांगायची! पण त्या सभेत ती अशी काही गुळगुळीत करून सांगितली गेली की मला ती पुन्हा होती तशी खडबडीत मांडायची आहे. प्रथम वर्ष वाणिज्य, अकाउंट्सचा पहिला तास. हजेरी नाही, ओळख नाही, पुस्तक उघडलेलं नाही. तुम्ही एकेकाला उभं करायचात आणि एकच प्रश्न विचारायचात. किराणा दुकानदाराने दुकानातले तांदूळ घरी खायला नेले, नोंद काय? ज्याने अकरावी-बारावीला वाणिज्य घेतलेलं असायचं तो पोपटासारखा म्हणायचा, "उचल खाते नावे, खरेदी खाते जमा." तो खिडकीकडे. जो आर्ट्स करून आलेला असायचा तो नुसताच उभा राहायचा. तो दाराकडे. "दाराजवळ बसा," तुम्ही म्हणायचात, "म्हणजे जाताना बाकांना अडखळायला नको." वर्ग हसायचा. दाराकडचेही हसायचे, कारण न हसून सांगतात कोणाला? ती बैठक मग वर्षभर मोडायची नाही.

मी दाराकडची. हे तुम्ही पुढच्या प्रत्येक वर्गाला सांगितलंत, त्यामुळे आता सगळ्या तालुक्याला माहीत आहे. माझ्या शेजारी कोण बसली होती ते मात्र कधी सांगितलं नाहीत. सुरेखा बसली होती. ताम्हिणीच्या वरच्या अंगाच्या वस्तीतली, माझी दहावीपासूनची मैत्रीण. मावशीकडे राहून ती आमच्या कोळवणच्या बाजूला शिकली. आमच्या गावाकडच्या कॉलेजात वाणिज्य नव्हतंच. दोघींनी आर्ट्स केलं, ते आवड म्हणून नाही, दुसरं काही नव्हतं म्हणून. दहावीचं गणित मला तिने शिकवलं होतं. ती पाटीवर एकदा करून दाखवायची आणि म्हणायची, "हाय काय आन् न्हाई काय!"

तिला तुम्ही तांदळाचा प्रश्न विचारलात तेव्हा ती गप्प राहिली नाही, हीच तिची चूक. ती म्हणाली, "घरचंच तांदूळ घरी न्हेलं ना सर, मंग ल्ह्यायचं कशाला?"

खिडकीकडचे इतके हसले की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. तुम्ही हसला नाहीत. शांतपणे म्हणालात, "बसा. तुमचं डोकं या बाजूचं नाही. उगाच फी भरू नका."

सर, त्या उत्तरात डोक्याचा दोष कुठे होता? आमच्या भातखाचरांत निघालेला तांदूळ कणगीत जातो. त्यातला काही विकतात, काही खातात, काही पाहुण्याला बांधून देतात. घर वेगळं आणि धंदा वेगळा, ही गोष्ट आमच्याकडे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. दुकान म्हणजे मालकापासून निराळा इसम, मालकाने त्याच्याकडून तांदूळ नेले तरी ते लिहायचं, हा तुमच्या शास्त्राचा पहिला धडा आहे. धडा द्यायच्या आधी परीक्षा घेतलीत आणि जिला धडा मिळाला नव्हता तिला निकाल दिलात. सुरेखाच्या प्रश्नाला धरून तुम्ही तो सगळा धडा शिकवू शकला असता. मी आता तसाच शिकवते. तिथपासून सुरुवात केली की पोरांना चटकन कळतं.

ती दिवाळीपर्यंत आली, आता मावशीकडून नाही, वरच्या वस्तीतल्या घरून. घाटातून येणारी एसटी पावसात कधी यायची, कधी यायची नाही. सुरेखा उशिरा आली की तुम्ही वाक्य अर्धवट थांबवून दाराकडे बघायचात आणि ती बसेपर्यंत बोलायचा नाहीत. चाचणीचा कोरा पेपर परत देताना म्हणालात, "बाई, पत्ता चुकला तुमचा." दिवाळीनंतर ती आली नाही. तुम्ही हजेरी घेताना तिचं नाव आलं तेव्हा मान वर न करता म्हणालात, "बघा, सांगितलं होतं." मला अजून तो आवाज ऐकू येतो.

आणि मी पास झाले. त्यावर आपलं आयुष्यभर भांडण झालं. पुढे मी तिथेच शिकवायला लागले आणि स्टाफरूममध्ये आपली टेबलं समोरासमोर होती, त्यामुळे भांडायला उठून जावं लागायचं नाही. मी म्हणायचे, मला ताईने शिकवलं. माझी थोरली बहीण पौडला आत्याकडे राहून वाणिज्य शिकली होती, तिची अकरावीची पुस्तकं घरात होती, चुलीपुढे बसून तिने माझ्याकडून रोजकीर्द घोटून घेतली. सुरेखाच्या घरी तशी ताई नव्हती. एवढाच आमच्यात फरक होता. तुम्ही चहा फुंकत म्हणायचात, "ताईने शिकवलं, मान्य. पण पेटवलं कोणी?" मी म्हणायचे, पेटवलं नाही, पोळवलं. तुम्ही म्हणायचात, "पोळल्याशिवाय भाकरी होत नाही, मॅडम." आणि दर जून महिन्यात भिंतीपलीकडून मला माझीच गोष्ट ऐकू यायची. "आपल्या मॅडम बघा. दाराकडच्या. मी म्हणालो होतो नापास होणार. आज माझ्यासमोर बसतात." तुमच्या क्रूरपणाचा जिवंत पुरावा म्हणून तुम्ही मला इतकी वर्षं वापरलंत, आणि एकदाही विचारलं नाहीत की वापरू का.

मला तुमचा राग येतो, सर. तो तुमच्याबरोबर जळला नाही.

तरी तुमची आठवण येते, ते कसं टाळू? दुसऱ्या दिवसापासून तुमच्यासारखं शिकवणारा मी पाहिलेला नाही. तेरीज, म्हणजे नावे-जमेची बेरीज, जुळेना की तुम्ही फळ्यासमोर दोन पावलं मागे सरकून डोळे बारीक करायचात आणि बरोबर चुकलेल्या आकड्यावर खडू टेकवायचात. मुळशीच्या पावसात गाड्या बंद पडल्या तरी तुमचा तास कधी बुडाला नाही; एकदा तर ओल्या पँटीच्या घड्या घालून, अनवाणी, घसारा शिकवलात. माझे वडील गेले तेव्हा माझे सगळे तास तुम्ही घेतलेत आणि प्राचार्यांना कळूही दिलं नाहीत. मी परत आल्यावर आभार मानायला लागले तर म्हणालात, "तुमच्या वर्गाला काही येत नाही, हे मला कळलं, एवढाच फायदा झाला." असं बोललात म्हणून मी त्या दिवशी रडले नाही. हे दूध मी प्यायलेलं आहे, नाही म्हणणार नाही.

म्हणूनच तो प्रबंध मला जास्त लागला. साठी जवळ आली तरी तुम्ही पीएच.डी. सोडली नव्हती. विषय काय, तर प्रथम वर्षाच्या अकाउंट्समध्ये विद्यार्थ्यांच्या यशापयशावर परिणाम करणारे घटक. तुम्ही मला प्रकरण दाखवायचात आणि मी लाल पेनाने वाचायचे. पूर्वज्ञान, गणिताचे गुण, शिक्षणाचं माध्यम, हजेरी, घर ते कॉलेज अंतर, आईवडिलांचं शिक्षण, घरी मदत करणारं कोणी आहे का. सगळं होतं, आणि मनापासून केलेलं होतं. एसटीच्या फेऱ्यांवर तर तुम्ही इतकं तळमळीने लिहिलं होतंत की मी चकित झाले. पहिल्यांदा वाटलं, यांना सगळं ठाऊक होतं तर!

मी म्हणाले, "सर, या घटकांत एक राहिला. तुम्ही."

तुम्ही जराही चिडला नाहीत. चष्मा काढून पुसलात आणि शिकवायच्या आवाजात म्हणालात, "मॅडम, जो सगळ्यांना सारखा असतो तो घटक धरता येत नाही. खिडकीकडच्यांना मीच होतो, दाराकडच्यांनाही मीच होतो. मग त्यांच्यातल्या फरकाचं कारण मी कसा?"

मी लाल पेनाचं टोपण लावलं. मग दुसरं विचारलं, मध्येच सोडून गेलेल्यांचं काय? तुम्ही म्हणालात, "परीक्षेलाच बसले नाहीत त्यांची कामगिरी मोजणार कशी? ते वगळलेत." एवढं बोलून तुम्ही पिशवी उचललीत, कारण तुमची गाडी यायची वेळ झाली होती. तो मे महिन्यातला शेवटचा कामाचा दिवस होता. सुट्टीतच तुम्ही गेलात. "कारण मी कसा?" याचं उत्तर मला तुमच्या शोकसभेत, त्या टाळ्यांच्या मध्ये सुचलं. सारखे नव्हतात तुम्ही, सर. खिडकीकडे एक सर होते आणि दाराकडे दुसरेच होते. आणि दुसऱ्या सरांचं काम कसं होतं, हे सांगणारी माणसं तुम्ही प्रबंधातून वगळलीत तशी त्या हॉलमधूनही आपोआप वगळली गेली होती. पुरतं बुडालेलं कोणीही बुडवणाऱ्याच्या फोटोला हार घालायला येत नाही. एवढं साधं उत्तर होतं, आणि ते द्यायला आता समोरचं टेबल रिकामं आहे.

त्या हॉलमध्येच प्राचार्य उभे राहिले. सरांची परंपरा आपण पुढे चालवणार आहोत, म्हणाले. नव्या वर्षापासून पहिल्या दिवशी तोच तांदळाचा प्रश्न, तुमच्या नावाने. खिडकीकडच्यांना बक्षीस. आणि ती चाचणी घेणार कोण, तर सरांचं सगळ्यात मोठं यश. सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. पुन्हा टाळ्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. मी म्हणाले, ही चाचणी नको, यात पोरं मोडतात. प्राचार्य भला माणूस आहे, पण त्यांना कागदावरची तक्रार लागते. "मॅडम, इतकी वर्षं सरांनी हेच केलं," ते म्हणाले, "एक तरी तक्रार आली? कालच्या सभेत एक तरी माणूस वाकडं बोलला? तुम्ही मला असा एक जण आणून दाखवा, जो म्हणेल की सरांमुळे माझं शिक्षण सुटलं. एक आणा. मी चाचणी रद्द करतो."

मी ताम्हिणीची गाडी धरली. येणारी सगळी पोरं दाराकडे बसायची का नाही, हे आता एका बाईच्या बोलण्यावर होतं, आणि ती बोलेल याची मला खात्री होती. इतक्या वर्षांचा राग तिच्याकडे माझ्याहून जास्त असणार, असं मी धरून चालले होते. वाटेत मी तिची वाक्यंही मनात तयार केली होती. बोलायला मिळत नाही म्हणून माणसं गप्प असतात, असंच आपल्या शिकलेल्यांना वाटतं.

सुरेखा घाटातल्या एका ढाब्यावर भाकऱ्या करते. पावसाळ्याची गर्दी अजून सुरू झाली नव्हती. मला बघून तिने परातीतले हात तसेच वर केले आणि ओरडली, "नंदे! तू हितं कुटं?" मग चहा झाला, पोराबाळांची चौकशी झाली. मी म्हणाले, "देशमाने सर गेले."

"कोन देशमाने?"

मला वाटलं, रागाने म्हणतेय. "अगं, आपले सर. कॉलेजातले. अकाउंट्सचे."

"व्हय का?" ती खरोखर आठवायला लागली. कपाळाला पीठ लागलं तरी आठवेना. "लई सर व्हते बग तवा. चेहरा न्हाई येत डोळ्याम्होरं. म्हातारं व्हतं का?"

"त्यांनी आपल्याला दाराकडं बसवलं होतं. तांदळाचा प्रश्न विचारला होता. तू उत्तर दिलंस आणि सगळे हसले."

"हसलं असतील. म्या येडीच व्हते." ती हसली, आणि ते हसू खोटं नव्हतं. "मला त्यातलं काय न्हाई आटवत. येवढंच आटवतंय की मला ते हिशोबाचं जमायचं न्हाई. माजं डोकंच न्हाई त्या बाजूचं."

सर, तिने तुमचं वाक्य शब्दाला शब्द म्हटलं, आणि ते तुमचं आहे हे तिला माहीत नव्हतं.

मी तिला म्हणाले, दहावीचं गणित तू मला शिकवलंस. ती म्हणाली, "कायतरीच! ती साळंतली गणितं. त्याला कशाला डोकं लागतंय?" मी म्हणाले, माझ्याबरोबर कॉलेजात चल, प्राचार्यांना सांग की तुझं शिक्षण कसं सुटलं. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्याकडे जरा काळजीने बघितलं. "आन् काय सांगू तितं? मलाच झ्यापलं न्हाई, त्यात त्या मास्तराचा काय दोस? मेलेल्या मानसाच्या नावानं कशाला बोलायचं, नंदे? पाप लागतंय."

तुम्ही जिंकलात. तुमची साक्ष द्यायला हॉलभर माणसं होती, आणि तुमच्याविरुद्धची एकुलती साक्षीदार तुमच्याच बाजूने बोलली, तीही तुम्हाला न ओळखता. चाचणी आता थांबत नाही. मी ती घेणार नाही. प्राचार्यांना तसं सांगून टाकलं आहे, आणि त्यांनी एका नव्या तरुण सरांना तयारही केलं आहे. माझ्या वाट्याची तुकडी मी माझ्या पद्धतीने शिकवेन. पलीकडच्या वर्गातला हशा ऐकत शिकवायची मला सवय आहेच.

उठताना तिची मुलगी आली. दहावीचा निकाल नुकताच लागलेला, ताठ मानेची, आईसारखीच रुंद कपाळाची पोर. गणितात वर्गात पहिली आली, असं सुरेखाने अभिमानाने सांगितलं. प्रवेशाचं चाललं होतं. मी तिला विचारलं, पुढे काय घेणार?

"आर्ट्स."

"कॉमर्स का नाही? आता तर तुमच्या जवळ कॉमर्सचं कॉलेज झालंय."

तिने आईकडे बघितलं. आई भाकरी उलटत होती. मुलगी म्हणाली, "आमच्यात न्हाई जमत कुनाला हिशोबाचं."

"तू कधी करून बघितलंस?"

"न्हाई," ती म्हणाली. "पन आमचं डोकंच न्हाई त्या बाजूचं."

या पोरीला तुम्ही कधी पाहिलंही नव्हतं, सर.